नव्यांनी भरायचं

शाळेच्या हॉलमध्ये पालिकेने सभा बोलावली तेव्हा वस्तीतली निम्मी माणसं नुसती पंख्याखाली बसायला मिळेल म्हणून गेली होती. उन्हाळा तोंडावर आला होता. वस्ती शहराच्या हद्दीत जाऊन बराच काळ लोटला होता, पण हद्दीबरोबर आली ती फक्त घरपट्टी. पाणी अजून टँकरनेच यायचं. गटार वस्तीच्या कडेपर्यंत येऊन दम लागल्यासारखं थांबलं होतं. कोणाला ताप भरला तर रिक्षात घालून शहरात न्यावं लागायचं. आणि पलीकडच्या शेतांचे तुकडे पडून तिथे रोज नवी जोती उठत होती.

वस्तीतून निवडून गेलेला सदस्य समोर उभा राहून समजावत होता. यापुढे जो कोणी नवीन बांधकाम करील, त्याने विकास शुल्क भरायचं. जुन्या घरांना काही नाही. त्या पैशातून पाण्याची टाकी होईल, गटार पुढे सरकेल, दवाखाना येईल.

मागच्या बाकावरून एक बाई उठली. शहरातल्या भाड्याच्या खोलीत शिवणकाम करून तिने वस्तीत जमिनीची एक पट्टी घेतली होती. वस्ती तिला शिंपीणबाई म्हणायची. ती म्हणाली, "बंगलेवाले भरतील हो. पण माझ्यासारखीने दोन खोल्या बांधायच्या म्हटल्या तर तिने काय करायचं?"

सदस्य उत्तर शोधत होता, तेवढ्यात मिस्त्री उठला.

मिस्त्री म्हणजे गवंडी. वस्तीतली निम्मी घरं त्याच्या हातची. बोलायचा कमी, पण बोलला की माणसं हसायची, आणि हे त्याला ठाऊक होतं.

"विहीर आम्ही खणायची आणि बादली दुसऱ्याने बुडवायची, ही कुठली रीत?" तो म्हणाला. "इतकी वर्षं टँकरमागे आमच्या बायका धावल्या. आता नव्या पंगतीला ज्याला बसायचंय, त्याने आपलं पान आपण आणावं. वाढायला आम्ही उभे आहोतच."

हॉल खदखदून हसला. टाळ्या पडल्या. सदस्याचा चेहरा खुलला. शिंपीणबाई खाली बसली. मिस्त्री तिच्याकडे बघून बोलला नव्हता, पण ती बसली ते त्याने पाहिलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तिचं घर तुम्हीच बांधणार आहात ना?"

"बांधणारच. बांधू नको असं म्हणालो का मी?"

"म्हणाला नाहीत," असं म्हणून ती पाणी गाळायला लागली.

ठराव झाला. मिस्त्रीचं वाक्य वस्तीभर झालं. रिक्षावाले म्हणायचे, दुकानदार म्हणायचा, सदस्य तर जिथे जाईल तिथे सांगायचा. शिंपीणबाईने कुठून कसे आणले कोणास ठाऊक, पण शुल्क भरलं, आणि मिस्त्रीने आपल्या घरासमोरच तिच्या दोन खोल्या बांधून दिल्या. काम चोख केलं. मजुरीतही ओढून धरलं नाही. त्यामुळे सगळं रीतीने झालं असं त्याला वाटत राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची मुलगी आणि जावई बोचकी घेऊन दारात उभे राहिले.

जावई लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. उजव्या हाताची मधली तीन बोटं करवतीत गेली होती. वखारवाल्याने दवाखाना केला, हात बरा होऊ दे म्हणाला, आणि बरा झाल्यावर म्हणाला, आता या हाताला मी काय काम देऊ? राहायची खोली वखारीचीच होती. तीही गेली.

"बाबा, थोडे दिवसच रे," मुलगी म्हणाली.

"थोडे कशाला?" मिस्त्री म्हणाला. "घर तुझंच आहे."

घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत मिस्त्री, मागच्या खोलीत चूल आणि मायलेकी. जावई बाहेर ओट्यावर झोपायचा. सासूला मोकळेपणी वावरता यावं म्हणून उजाडायच्या आधी उठायचा, वळकटी गुंडाळायचा आणि रस्त्याच्या कडेला दगडावर जाऊन बसायचा. आत यायचं तर आधी खोकायचा. जेवताना उजवा हात मांडीखाली घ्यायचा आणि डाव्या हाताने चमच्याने खायचा. घास सांडला की सगळ्यांच्या आधी तोच तो पुसायचा. रस्त्याने जाणारा कोणीतरी एकदा हसत म्हणाला, "काय जावईबापू, मुक्काम वाढला वाटतं!" तेव्हापासून तो पाठ रस्त्याकडे करून बसायला लागला.

बायको मिस्त्रीला म्हणाली, "मागे गोठ्याच्या जागी एक खोली काढा. तुम्ही जगाला घरं बांधता. तरण्याताठ्या जोडप्याने असं किती दिवस राहायचं?"

मिस्त्री सदस्याच्या कचेरीत गेला. तिथे दोघेतिघे बसलेले होते. ते जातील म्हणून त्याने वाट पाहिली, पण ते काही उठले नाहीत. मग त्याने आवाज बारीक करून विचारलं, "भाऊ, जुन्या घरवाल्याने आपल्याच जागेत एखादी खोली वाढवली तर?"

"तर शुल्क," सदस्य म्हणाला. "दार घरातूनच असेल तर वाढीव खोली, निम्मं शुल्क. वेगळं दार काढलं तर नवं घर, पूर्ण शुल्क. का हो?"

"नाही, म्हणजे... आपल्या माणसांना काही सूट?"

सदस्य हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "अहो मिस्त्री, तुमचं वाक्य मी गावभर सांगत फिरतो. आता तुमच्याच पानाला सूट मागू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "मिस्त्री, पंगतीला पान आणायला निघालात की काय?"

मिस्त्रीही त्यांच्याबरोबर हसला. "छे, सहज विचारलं. एक गिऱ्हाईक विचारत होतं."

रस्त्याने येताना त्याचे कान तापलेले होते. हप्ते पाडून निम्मं शुल्क भरणं त्याला अगदीच अशक्य नव्हतं. पण त्यासाठी पालिकेच्या खिडकीत उभं राहावं लागणार होतं, आणि त्या रांगेत आपल्याला बघून कोण काय म्हणेल ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, "गोठा दुरुस्त करायला घेऊ."

"गोठा? गुरं कुठायत?"

"कोणी विचारलं तर गोठा म्हणायचं."

बायको बघत राहिली. मुलगी चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही.

काम सुरू झालं. दिवसभर दुसऱ्यांच्या कामावर राबून मिस्त्री ऊन कलल्यावर घरी यायचा, हातपाय न धुता मागे जायचा. मुलगी माल कालवायची. लहानपणी बापामागे कामावर फिरताना तिला ते आपोआप आलं होतं. वाळू चाळताना तिची चोळी पाठीला चिकटायची, पण पाणी कधी जास्त पडायचं नाही. जावई विटांचं घमेलं डोक्यावर घ्यायचा. उजव्या हाताने कड धरता येत नव्हती, म्हणून मनगट लावून तोलायचा. एकदा घमेलं कलंडलं आणि विटा त्याच्या पायावर आल्या. तो ओरडला नाही. फुटलेल्या विटा वेगळ्या काढत म्हणाला, "या अर्ध्या कोपऱ्याला लागतील ना, मामा?"

"लागतील," मिस्त्री म्हणाला. एकही लागणार नव्हती.

वीट तोडताना थापीचा आवाज होतो, म्हणून तो कापडात धरून तोडायचा. घर वळणावरचं, गोठ्याच्या अंगालाही रस्ता होता; भिंत त्या रस्त्यावरून दिसू नये म्हणून त्याने ती उंच घेतली नाही. पत्रा इतका खाली बसवला की जावयाला आत वाकून शिरावं लागे. रस्त्याकडच्या बाजूला खिडकी ठेवली नाही. दार आतून, अंगणात. भिंत पुरी झाल्यावर तिच्या बाहेरच्या अंगाला गोठ्याचे जुने दगड रचले आणि वर शेणामातीचे हात फिरवले, म्हणजे जुनाट दिसेल. चांगल्या भिंतीला वाईट दिसायला लावण्याचं काम त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं. ते करताना तो कोणाशी बोलत नव्हता.

"चोरी केल्यासारखं घर बांधताय," बायको म्हणाली.

"हळू बोल."

शिंपीणबाई एकदा पाण्याची कळशी घेऊन जाताना कुंपणापाशी थांबली. तिने सगळं बघितलं आणि म्हणाली, "मिस्त्री, एक खिडकी ठेवा हो. पत्र्याखाली पोरं उकडून निघतील."

"गोठ्याला कसली खिडकी?" मिस्त्री म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

मुलगी आणि जावई खोलीत राहायला गेले. दुपारी आत भट्टी व्हायची. तरी मुलगी खूश होती. तिने बाजेवर धुतलेली चादर घातली, दोरी बांधून कपडे टाकले, कोपऱ्यात स्टोव्ह मांडला. जावई आता आत येताना खोकेनासा झाला. एका संध्याकाळी तर मिस्त्रीला त्या दोघांचं हसणं ऐकू आलं. ऐकून त्याला बरं वाटलं, आणि लगेच हे रस्त्यावर ऐकू जातंय का, म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मग एका सुट्टीच्या सकाळी पालिकेचा मोजणीवाला आला. एकटा नव्हता. बरोबर सदस्य होता, आणि त्यांच्यामागे रिकामी माणसं. गल्लीतलं घर न् घर बघत ते येत होते. कुठे गच्चीवर खोली चढली होती, कुठे दुकान पुढे आलं होतं. मोजणीवाला किरकोळ अंगाचा, घामाघूम झालेला माणूस होता.

"हे आमचे मिस्त्री," सदस्य मोठ्याने म्हणाला. "पंगतीचं वाक्य यांचंच बरं का! यांच्याकडे बघायची गरज नाही."

"आलोच आहे तर बघतो," मोजणीवाला म्हणाला. "मागे काय आहे?"

"गोठा," मिस्त्री म्हणाला.

"गुरं?"

"विकली. म्हणजे... घ्यायची आहेत."

मोजणीवाला अंगणात आला. त्याच्यामागे सगळेच आले. खोलीचं दार उघडं होतं. आत जावई बाजेवर झोपलेला, तुटका हात छातीवर. मुलगी खाली बसून भाजी चिरत होती. इतकी माणसं बघून ती उठली आणि पदर सावरून दाराच्या चौकटीत उभी राहिली. जावई दचकून उठला, घाईत त्याचं डोकं पत्र्याला लागलं. पत्रा वाजला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हे कोण?" मोजणीवाल्याने विचारलं.

मिस्त्रीला बायको दिसली, मागच्या दारात. सदस्य दिसला, त्याच्या तोंडावरचं हसू पातळ होत चाललं होतं. कुंपणापलीकडे शिंपीणबाई दिसली.

"पाहुणे आहेत," तो म्हणाला. "मुलगी-जावई. इथे नाही राहत ते. चार दिवसांसाठी आलेत. घरात जागा नाही म्हणून गोठ्यात झोपतात. जातील आता."

मोजणीवाल्याने आत पाहिलं. दोरीवरचे कपडे पाहिले, स्टोव्ह पाहिला. मग त्याने मुलीला विचारलं, "कधी निघणार, ताई?"

मुलीने बापाकडे बघितलं. मिस्त्री आपल्या पायांकडे बघत होता. सिमेंटने टाचांना पडलेल्या भेगा, त्यात बसलेली पांढरी वाळू. तिची नजर आपल्यावर आहे हे त्याला कळत होतं.

"उद्या," मुलगी म्हणाली.

मोजणीवाल्याने टेप बाहेर काढलाच नाही. "बरं," म्हणून तो वळला. सदस्य मोठ्याने म्हणाला, "सांगितलं नव्हतं मी? चला, पुढचं घर." माणसं निघून गेली.

भांडण झालं नाही. झालं असतं तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं. मुलीने भाजी केली, भाकऱ्या केल्या, ताट वाढून पुढच्या खोलीत आणून ठेवलं.

"तुम्ही जेवून घ्या," ती म्हणाली.

तिने बापाला कधी अहोजाहो केलं नव्हतं. बोलायला लागल्यापासून 'अरे बाबा, ए बाबा' होतं. मिस्त्रीला वाटलं, दोघांना मिळून म्हणतेय. पण बायको चुलीपाशी होती.

"अगं, ते तसं म्हणावं लागलं," तो म्हणाला. "वेळच तशी होती."

"हो ना."

"तू कुठे जायचं नाहीस. कळलं? नुसतं म्हणायचं होतं."

"सगळ्यांसमोर म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. "मग मीही सगळ्यांसमोरच म्हणाले." पाण्याचा तांब्या ताटाशेजारी ठेवून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावरून आला तेव्हा खोली रिकामी होती. बाजेखालची जागा झाडून घेतलेली. बायको ओट्यावर बसली होती.

"कुठे गेले?"

बायकोने हनुवटीने समोर दाखवलं. शिंपीणबाईच्या पुढच्या खोलीच्या दारात त्यांची दोन बोचकी होती.

तो तसाच मातीच्या हातांनी रस्ता ओलांडून गेला. शिंपीणबाई मशीनवर बसली होती. मुलगी आतल्या खोलीत असावी.

"मोजणीवाल्याला तुम्हीच सांगितलंत," तो म्हणाला. "राग होता ना तुमच्या मनात? काढलात."

शिंपीणबाईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मी सांगितलं असतं तर यांना घरात कशाला घेतलं असतं, मिस्त्री?"

मिस्त्री हातावरची माती चोळत राहिला.

"राग होता," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? हातातल्या बांगड्या मोडून पान आणलं मी. तरी पंगतीत कोणी 'जरा सरका' म्हणालं नाही. अजून नळावर मला 'नवी' म्हणतात. पण तुमच्या पोरीने माझं काय केलंय?" तिने पुन्हा पाय टाकला. मशीनचा आवाज सुरू झाला, म्हणजे आता जा असं होतं.

जावई ओट्याच्या कडेला उभा होता. जाता जाता मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलं. जावयाने तुटका हात पाठीमागे घेतला आणि म्हणाला, "मामा, बाज मागाहून नेईन. घाईची असेल तर आत्ताच उचलतो."

"राहू दे," मिस्त्री म्हणाला.

त्यानंतर रोज सकाळी कामाला निघताना समोरच्या ओट्यावर त्याला मुलगी दिसायची. काजं करत बसलेली असायची, बटणं लावत असायची. मान हलवायची, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. जावयाला शिंपीणबाईने कपडे पोचवायचं काम दिलं होतं. पिशवी खांद्याला अडकवून तो शहराकडे चालत जायचा. बायको दुपारी पलीकडे जाऊन यायची. काय बोलणं झालं ते मिस्त्रीला सांगायची नाही, आणि तो विचारायचा नाही. वस्तीत कोणी उघड काही बोललं नाही. फक्त पंगतीचं ते वाक्य त्याच्यासमोर म्हणणं सगळ्यांनी एकदम बंद केलं. ते म्हटल्यापेक्षा वाईट होतं.

पावसाळ्यानंतर टाकीचं काम निघालं. गवंडी म्हणून मिस्त्रीलाही बोलावणं आलं. टाकी वस्तीच्या चढावर होती. बांबूच्या परांचीवर उभं राहिलं की सगळी वस्ती खाली दिसायची. आपलं घर, मागचा बुटका पत्रा, भिंतीला रचलेले दगड, आणि समोर शिंपीणबाईची खोली. जेवणाच्या सुट्टीत एकदा बरोबरचा गवंडी भाकरी सोडत म्हणाला, "बंगलेवाल्यांच्या पैशावर चाललंय सगळं. बरं झालं."

"सगळंच त्यांचं नाही," मिस्त्री म्हणाला.

"मग आणखी कोणाचं?"

मिस्त्रीने खाली शिंपीणबाईच्या खोलीकडे बघितलं. त्या दिवशी त्याच्या हातून एक थर वाकडा गेला. ओळंबा लावल्यावर कळलं. मुकादम म्हणाला, "चालतंय, गिलाव्यात झाकलं जाईल." मिस्त्रीने तो थर उतरवला आणि पुन्हा लावला. संध्याकाळी घरी न जाता तो पालिकेत गेला.

खिडकी बंद व्हायची वेळ होती. मोजणीवाला डबा पिशवीत घालत होता. रांगेत वस्तीतली दोन माणसं होती, त्यांनी मिस्त्रीला बघितलं. त्याने आवाज बारीक केला नाही.

"साहेब, माझ्याकडे मागे गोठा नाही. खोली आहे. मी बांधलीय. पाहुणे नव्हते ते, माझी मुलगी आणि जावई राहत होते. मोजायला या."

रांगेतला माणूस खोकला. मोजणीवाला पिशवी तशीच धरून उभा राहिला.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "गोठ्यात कोणी धुतलेली चादर घालतं का?"

"मग त्या दिवशी लिहिलं का नाहीत?"

"तुमची मुलगी 'उद्या' म्हणाली ना," मोजणीवाला म्हणाला, "मग मला पुढे विचारवेना." तो खाली बसला. "दंड पडेल. मी काही करू शकत नाही."

"पडू दे."

मोजणीवाला पुढच्या आठवड्यात आला. या वेळी एकटाच. मिस्त्रीने टेपचं दुसरं टोक धरलं. भिंतीवरचे दगड त्याने आदल्या दिवशीच उतरवले होते. खालची भिंत ओळंब्यात होती, पण शेणामातीने डागाळलेली. लांबी झाली, रुंदी झाली.

"अंगणातून दार आहे, म्हणजे वाढीव खोली," मोजणीवाला म्हणाला. "निम्मं शुल्क आणि दंड. राहणार कोण? नाव लागेल."

मिस्त्री नाव न सांगता रस्त्यापर्यंत गेला. मुलगी ओट्यावर होती. वस्तीतल्या दोघीतिघी तिच्यापाशी माप द्यायला आल्या होत्या. त्याने त्यांच्यासमोरच हाक मारली.

"जरा येतेस? राहणार कोण, विचारतायत. मी काही बोललो नाही. तू काय सांगशील ते." आणि मग सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "त्या दिवशी मी खोटं बोललो. मला माझी लाज वाटत होती आणि मी ती तुझ्या अंगावर टाकली."

मुलीने दात लावून दोरा तोडला, सुई पदराला टोचली आणि नवऱ्याला आतून हाक मारली. दोघं रस्ता ओलांडून आले. तिने भिंत बघितली, मोजणीवाल्याला विचारलं, "वेगळं दार काढलं तर?"

"तर वेगळं घर. पूर्ण शुल्क. कशाला वाढवताय, ताई? अंगणातलंच राहू द्या."

"हप्ते पडतात?"

"पडतात."

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान हलवली, आणि पहिल्यांदाच तुटका हात लपवायचा राहिला. "मग वेगळं घर लिहा," ती म्हणाली. "आमच्या दोघांच्या नावाने. हप्ते आम्ही भरू. दार रस्त्याकडून."

"अगं, निम्म्यात होतंय ना," आई मागून म्हणाली. "आणि मी तुझ्याकडे यायचं कसं?"

"रस्त्याने ये, आई. सगळे येतात तशी."

मिस्त्री म्हणाला, "दंड माझा. तो मी भरणार."

"तो तुमचाच आहे," मुलगी म्हणाली.

मिस्त्रीने रस्त्याकडची भिंत फोडली आणि दाराची चौकट बसवली. शेजारी खिडकी काढली, चांगली रुंद. पत्रा उचलून वर घेतला. जावई आता ताठ उभा राहू शकत होता. चौकट उभी राहताना येणारेजाणारे थांबून बघत होते आणि मिस्त्री पाठ न फिरवता काम करत होता. सदस्यही एकदा त्या रस्त्याने गेला. त्याने मिस्त्रीला हाक मारली नाही.

मग अंगणातलं दार राहिलं. मिस्त्री म्हणाला, "हे असू दे की. कडी लावून ठेव आतून. अडीअडचणीला बरं."

"नको," मुलगी म्हणाली. "वेगळं घर लिहिलंय. बुजवून टाका."

सुट्टीच्या दिवशी त्याने चौकट काढली आणि बुजवायला घेतलं. तो अंगणात, मुलगी आत. तिने विटा भिजवून ठेवल्या होत्या. आतून एकेक वीट ती त्याच्या हातात देत होती, जावई माल पुढे सरकवत होता. गुडघ्यापर्यंत भिंत आली तेव्हा बायको एकदा आत डोकावून काही बोलायला गेली आणि परत फिरली. छातीपर्यंत आली तेव्हा मुलीचा चेहरा फक्त दिसत होता, कपाळाला सिमेंट लागलेला. नंतर तिचे हात, विटेसकट. मिस्त्रीला वाटत होतं, एखादी वीट लावता लावता ती काही म्हणेल. माल वाळायच्या आत बोललेलं वेगळं असतं. तो मुद्दाम सावकाश लावत होता.

वरच्या थराला ती म्हणाली, "तिथला सांधा नीट भरा. नाहीतर इकडचं तिकडे ऐकू येतं."

"भरतो," तो म्हणाला.

शेवटची वीट त्याने अंगणातूनच बसवली. वर दारावरच्या पाटीखाली बोटभर फट राहिली होती. पलीकडे ती नवऱ्याला सांगत होती, बाज कुठे ठेवायची, मशीन घेतली तर कुठे मावेल. त्याला शब्द न् शब्द कळत होता. त्याने थापीच्या टोकावर माल घेतला आणि बोटाने दाबून दाबून आत घातला, पोकळी म्हणून कुठे राहू दिली नाही. आधी शब्द कळेनासे झाले. मग आवाज मुलीचा की जावयाचा तेही कळेना. बायको मागून म्हणाली, "झालं का?" तेव्हा तो भिंतीला कान लावून उभा होता.